मुलांची घोडेस्वारी : शिक्षण किती आणि खोगीरभरती किती?

अबोली७९
मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. वजन २४ किलो. शाळेने या सत्रापासून घोडेस्वारी सुरू केली आहे : आठवड्यातून दोन सकाळी, पाऊण तास, फी वेगळी आणि सहा महिन्यांची एकदम. माहितीपत्रकात 'आत्मविश्वास, एकाग्रता, नेतृत्वगुण, गणिती विचार' अशी यादी आहे. खर्च परवडतो, पण एवढ्यात पोहणं आणि तबला दोन्ही होतं, म्हणून विचारते.

आठ वर्षांचं मूल यात नेमकं काय शिकतं आणि ते किती तासांनी दिसायला लागतं? गणित-विज्ञानाशी खरंच काही संबंध आहे का? आणि मैदान बघायला गेल्यावर काय तपासायचं? 'खूप छान अनुभव' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

पागेवाला
आधी एक फरक. माथेरानला घोडेवाल्याने लगाम धरून फिरवलेलं मूल प्रवासी असतं, स्वार नसतं. कितीतरी शाळांच्या वर्गांत हेच चालतं, फक्त डोक्यावर हेल्मेट असतं. पहिले दोन-तीन तास (तास म्हणजे इथे एक वर्ग) ठीक आहे. महिना उलटला तरी मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) पुढे आणि मूल वर, एवढंच दिसत असेल, तर तुम्ही सहलीची फी भरताय.

आठ वर्षांच्या मुलाचं निम्मं शिक्षण जमिनीवर होतं. पाऊण तासातली पंधरा मिनिटं तरी घोडा तयार करण्यात गेली पाहिजेत, आणि ते काम मुलाच्या हातून व्हायला हवं. घोड्याला कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून बोलत बोलत डाव्या खांद्याकडून जायचं. मग रबरी खरारा गोल गोल, पण फक्त मांसल भागावर. गुडघ्याखाली आणि तोंडावर मऊ ब्रश. खूर साफ करताना आकडी टाचेकडून पुढच्या टोकाकडे न्यायची, मधल्या त्रिकोणी मऊ गादीला न टोचता. मग खोगिराखालचं कापड आणि खोगीर थोडं पुढे मानेकडे ठेवून मागे सरकवायचं. उलटं केलं तर खालचे केस उभे राहतात, तासाभरात तिथे घासतं, आणि पुढच्या वेळी खोगीर दिसलं की घोडा कान पाडतो. तंग (खोगिराचा पोटाखालून येणारा पट्टा) एकदम आवळायचा नाही, एकेक भोक वर घ्यायचा. घोडे तंग बांधताना छाती फुगवतात, त्यामुळे चार-पाच मिनिटं चालवून पुन्हा बघायचा. दोन बोटं जेमतेम जावीत. हे राहिलं की रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या पायकडीत) पाय ठेवताच खोगीर पोटाकडे फिरतं.

ही दहा-बारा पायऱ्यांची ओळ न विसरता, त्याच क्रमाने आणि कुणी न सांगता पार पाडणं, हे आठ वर्षांच्या मेंदूला चांगलं काम आहे. इथे चूक लपवता येत नाही. वहीत चुकलं तर बाई लाल रेघ मारतात. इथे खोगीरच सरकतं.

आता वर बसल्यावरचं. पहिले चार-पाच तास लांब दोरीवर, शिक्षक मध्यभागी आणि घोडा १५ ते २० मीटर व्यासाच्या वर्तुळात. मुलाच्या हातात लगाम द्यायचा नाही. घोड्याच्या गळ्यात एक पट्टा बांधायचा आणि तोल गेला की तो धरायचा. घोडं पेंड खातं ते इथेच, कारण शिक्षक घाईने लगाम देतात. तोल गेला की मूल हाताला येईल ते ओढतं. लगाम हातात असेल तर तोंडातली कडी जबड्यावर बसते, घोडा डोकं झटकतो, मूल घाबरून आणखी ओढतं. दुसरं दुष्टचक्र गुडघ्याचं. भीतीने मूल गुडघे आवळतं, त्यामुळे पोटरी वर सरकते आणि रिकीब सुटते. मग टाच घोड्याच्या पोटाला लागते. घोड्याला वाटतं पळायला सांगितलं. तो वेग घेतो आणि मूल आणखी आवळतं. 'घोडा उधळला' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ घटनांत घोड्याने मिळालेला हुकूम पाळलेला असतो.

आवळायच्या जागी सैल सोडायचं, हे सांगून कळत नाही. म्हणून मांड बसवण्याचे व्यायाम असतात : चालत्या घोड्यावर हात पसरून गोल फिरवणं, उजव्या हाताने डाव्या पायाचा अंगठा शिवणं, डोळे मिटून 'आत्ता पुढचा डावा पाय पडला' असं बोलणं. शेवटचा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. घोड्याच्या खांद्याची हालचाल नुसत्या बैठकीवरून ओळखायला लागलं की मूल शरीराकडे लक्ष द्यायला शिकलं.

आठवड्याला दोन तास धरले तर साधारण सहाव्या ते दहाव्या तासात दुडकीवर (संथ पळण्यावर) लयीत खोगिरातून उठबस जमते. बाराव्याच्या आसपास स्वतःच्या हाताने चालीवर वळवणं आणि ठरल्या जागी थांबवणं. चौखूर वीस तासांआधी नको. 'तिसऱ्या दिवशी कँटर' (म्हणजे चौखूर) अशी जाहिरात असेल तर तिथून निघा.

शंकासुर
'नेतृत्वगुण' म्हणजे शुद्ध खोगीरभरती. पहिलीपासूनच्या प्रत्येक छंदवर्गाच्या पत्रकात तो शब्द असतो.

'एकाग्रते'बद्दल जरा जपून. या विषयावर टोकियोच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१७ चा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात मुलांना घोड्यावर बसण्याआधी आणि उतरल्यावर लगेच दोन प्रकारची कामं दिली होती. एकात ठरलेली खूण दिसली तर प्रतिसाद द्यायचा आणि दुसरी दिसली तर हात आवरायचा. दुसरं काम साध्या आकडेमोडीचं. पहिल्यात सुधारणा दिसली, आकडेमोडीवरचा परिणाम तितका ठळक नव्हता. हे सगळं उतरल्या उतरल्या मोजलेलं आहे. यावरून 'सहा महिन्यांत मार्क वाढतील' म्हणणं म्हणजे सकाळी चहा प्यायल्यावर तरतरी येते म्हणून चहाने बुद्धी वाढते म्हणण्यासारखं. आवेग आवरण्याचा सराव होतो एवढं मान्य. तबल्यातही होतो.

गणितमास्तर
शंकासुरांशी सहमत, पण गणिताचा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. तो शिक्षकाने बाहेर काढावा लागतो, आपोआप येत नाही. घोड्यावर बसून पाढे म्हणून घेणं हा मात्र निव्वळ चाळा आहे.

सुरुवात उंचीपासून करा. क्लबात घोड्याची उंची 'हँड'मध्ये मोजतात, एक हँड म्हणजे ४ इंच. पोनीची (लहान चणीच्या घोड्याची) मर्यादा १४.२ हँड. मुलं ते दशांश समजून वाचतात. ते १४ हँड आणि वर २ इंच आहे : १४ × ४ + २ = ५८ इंच, म्हणजे १४७ सेंमीच्या थोडं वर. १४.३ नंतर १४.४ येत नाही, सरळ १५ येतो. दहाऐवजी चारावर हातचा जाणारी पद्धत मुलांनी मोजपट्टी लावून पाहिली की दशांश चिन्हाचा अर्थ पहिल्यांदा नीट कळतो.

मग वजन. घोडा काट्यावर चढत नाही. पुढच्या पायाच्या कोपराच्या लगेच मागे, पाठीच्या उंचवट्यावरून छातीचा घेर मोजायचा, आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या (कुल्ल्याच्या) टोकापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर × घेर × लांबी ÷ ११,८८० = अंदाजे किलो. घेर १६०, लांबी १४० असेल तर सुमारे ३०२ किलो. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंत ठेवावं, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे या घोड्याला ६० किलो. अबोलीताईंची मुलगी २४ आणि खोगीर वगैरे ८, एकूण ३२. काही चिंता नाही. आता मुलांना विचारायचं : ७५ किलोचे सर याच घोड्यावर बसले तर? ८३ किलोला ४१५ किलोचा घोडा हवा. हे उत्तर मुलं फार आनंदाने सरांना सांगतात.

चंदीतही (घोड्याच्या दाण्यातही) धडा आहे. पागेत एकच डबा असतो आणि सगळं डब्याने मोजलं जातं. पण एक लिटर गव्हाचा कोंडा आणि एक लिटर हरभरा तोलून बघा; हरभरा तिपटीच्या आसपास भरतो. डबा तोच ठेवून कुणी कोंड्याऐवजी हरभरा भरला तर घोड्याच्या पोटात काय होतं ते पशुवैद्य सांगतील. घनता शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि मैदान. सरावाचं मैदान २० × ४० मीटर असतं, कडेने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशी अक्षरं. हा क्रम वर्णमालेप्रमाणे नाही, पाठच करावा लागतो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं (अक्षरांच्या खुणांवर घोड्याकडून ठरलेल्या चाली आणि आकृत्या करून घेण्याच्या खेळाचं) सांघिक सुवर्ण जिंकलं (संघात मुंबईचा हृदय छेडाही होता). तिथलं मैदान लांबीला ६० मीटर आणि अक्षरं जास्त, पण खेळ हाच. २० मीटर व्यासाचं वर्तुळ, परीघ ६२.८ मीटर. दुडकी मिनिटाला २२० मीटर धरली तर एक फेरी सतरा सेकंदांची. स्टॉपवॉच घेऊन कठड्यावर बसवलेल्या मुलाला पहिल्या फेरीत २१ सेकंद मिळाली आणि दुसऱ्या फेरीत १६, तर चूक घड्याळाची की वर्तुळ अंड्यासारखं झालं? ओल्या मातीवरचे टापांचे ठसे बघून उत्तर मिळतं. आपली पाळी येईपर्यंत मुलांनी हेच करावं. नाहीतर सहा मुलं आणि दोन घोडे म्हणजे अर्धा तास मोबाईल.

डॉक्टर_खुरपुडे
मी फक्त घोड्याबद्दल लिहितो, कारण पालक मुलाचं हेल्मेट बघतात आणि घोडा बघत नाहीत.

फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर लागाव्यात. पाठीचा उंचवटा, तंगाची जागा आणि तोंडाचे कोपरे या तीन ठिकाणी जुनी-नवी जखम किंवा पांढरे केस शोधा. पांढरा ठिपका म्हणजे तिथे पूर्वी खोगीर लागलंय. नाल सहा ते आठ आठवड्यांनी बदलतात. खूर नालेबाहेर वाढून फाटलेला दिसला तर पैसे वाचवणं चालू आहे. पाण्याची बादली रिकामी आणि कोरडी असेल तर ते गंभीर आहे. घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं, आपल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतर वर्ग सकाळी नऊच्या आत संपावा.

डब्याबद्दल मास्तरांनी लिहिलंय ते शब्दशः खरं. घोड्याला उलटी करता येत नाही. एकदम जास्त दाणा पोटात गेला की पोटशूळ होतो आणि त्यात घोडा जातोही. म्हणून दाणा थोडा आणि विभागून, आणि मुख्य पोट कडबा-गवतावर. ३०० किलोच्या घोड्याला दिवसाचा कोरडा चारा किमान साडेचार किलो (वजनाच्या दीड टक्का). मुलांनी डब्यातून आणलेली पोळी, बिस्किटं, गूळ बंद. गाजर द्यायचं तर लांब उभं चिरून. गोल चकती घशात अडकू शकते. आणि सपाट तळहातावर, बोटं सरळ आणि जुळवून.

रोगांपैकी एकच नाव विचारा : ग्लँडर्स. हा जंतूंचा रोग घोड्याकडून माणसाला होऊ शकतो आणि कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात याची तपासणी होते. चालकाकडे अलीकडचा अहवाल मागा; 'आमचे घोडे ठणठणीत आहेत' हा अहवाल नव्हे. आणि मुलीचं धनुर्वाताचं लसीकरण बघून घ्या. पाचव्या-सहाव्या वर्षीचा डोस झाला असेल तर पुढचा दहाव्या वर्षी येतो. तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतातच, खरचटलं की साबणाने धुवायचं.

विज्ञानाच्या वहीसाठी : विसावलेल्या घोड्याची नाडी जबड्याच्या आतल्या कडेला बोटाने लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. २८ ते ४४ ठीक. मग मुलीने स्वतःची मोजावी, जवळजवळ दुप्पट किंवा जास्त भरेल. मोठ्या प्राण्याचं हृदय हळू का, हा प्रश्न ती स्वतःच विचारेल.

अबोली७९
सगळ्यांचे आभार. आज जाऊन पाहिलं. घोडे चार, मुलं एका वेळी आठ. जमिनीवरचं काम शून्य, मोतद्दार घोडा तयार करून आणतो. लगाम पहिल्या दिवसापासून हातात. हेल्मेट सामाईक, दोन मापांत, हनुवटीचा पट्टा लोंबणारा. एक चक्क सायकलचं होतं. मुलं शाळेच्याच स्पोर्ट्स शूजमध्ये. घोडे मात्र डॉक्टरांच्या यादीप्रमाणे ठीक दिसले, नाला नव्या होत्या. शिक्षक ऐकून घेणारे वाटले. काय काय सांगू त्यांना?

आणखी एक : शेजारच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) आहे, सहा वर्षांचा. त्याच्या आईने 'घोड्यावर बसवलं की पाय सुधारतात' असं ऐकलंय. त्याला याच वर्गात बसवता येईल?

फिजिओताई
याच वर्गात नाही.

कल्पना चुकीची नाही. चालत्या घोड्याची पाठ वर-खाली, पुढे-मागे आणि बाजूला अशी एकाच वेळी हलते, आणि वर बसलेल्याचा कटिभाग आपण चालताना हलतो जवळपास तसाच हलतो. जे मूल स्वतः चालू शकत नाही त्याच्या धडाला ती लय बसून मिळते. घोड्याच्या अंगाची ऊब आणि पसरलेले पाय यांनी मांडीच्या आतल्या ताठ स्नायूंना तात्पुरता सैलपणाही येतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना पोलिओने गुडघ्यांखाली पक्षाघात होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचं वैयक्तिक रौप्य जिंकलं, आणि तेव्हापासून या उपचाराकडे लोक गांभीर्याने बघायला लागले. पण त्या आधीपासूनच्या स्वार होत्या, हे लक्षात ठेवा.

उपचार म्हणून करायचं तर प्रशिक्षित थेरपिस्ट सोबत हवा. घोडा शांत आणि सम चालीचा हवा. एक माणूस घोडा धरायला, दोघं दोन बाजूंनी मुलाच्या मांडीवर हात ठेवून चालायला. खोगिराऐवजी बहुधा जाड गादी आणि पकडायला मूठ असलेला पट्टा. वीस ते तीस मिनिटं पुरे, पुढे स्नायू थकून उलट ताठतात. त्याआधी नितंबाच्या सांध्यांचा एक्स-रे हवाच, सेरेब्रल पाल्सीत सांधा निखळत असण्याची शक्यता असते आणि पाय फाकवून बसवलं तर ते वाढेल. झटके आटोक्यात नसतील तर नको. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांची स्थिरता तपासल्याशिवाय अजिबात नाही. 'पाय सुधारतात' असं त्या आईला म्हणू नका. धडाचा तोल आणि बसण्याची ताकद, तेही नेहमीच्या व्यायामासोबत, एवढी अपेक्षा रास्त.

पागेवाला
घोड्यांकडे लक्ष देणारा माणूस आहे म्हणजे निम्मं काम झालं. बाकीचं बोलून सुधारतं.

हेल्मेट स्वतःचं घ्या, यात तडजोड नको. घोडेस्वारीचंच, आत ईएन १३८४, व्हीजी१ किंवा एएसटीएम एफ११६३ यापैकी एका सुरक्षा-मानकाची खूण असते. सायकलच्या हेल्मेटची रचना वेगळ्या पडण्यासाठी असते, डोक्याची मागची बाजू ते पुरेशी झाकत नाही. भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवून घेर मोजा. पट्टा न लावता मुलीला मान खाली घालायला सांगा. हेल्मेट घरंगळलं तर मोठं आहे, कपाळावर लाल वळ उठला तर लहान. वेणी खाली, मानेवर. अंबाडा आत कोंबला की माप चुकतं. एकदा जोरात आपटलं की बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं.

बूट : गुळगुळीत तळ, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची टाच. स्पोर्ट्स शूजला टाच नसते म्हणून पाय रिकिबीतून आरपार जातो, आणि तळाच्या खाचा अडकतात म्हणून परत निघत नाही. पडलेलं मूल फरफटतं ते यामुळे. शाळेचे साधे काळे चामडी बूट चालतील. रिकीब बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा एकूण अडीच सेंटिमीटर रुंद हवी. मोठ्यांच्या रिकिबी मुलांना लावलेल्या असतील तर त्या बदला, किंवा बाहेरच्या बाजूला रबर असलेल्या, पडताना सुटणाऱ्या घ्या. रिकिबीची लांबी बसण्याआधीच बघता येते : मुलीने बोटांची टोकं पट्ट्याच्या वरच्या कडीला लावायची, रिकीब काखेत पोचली की झालं.

शिक्षकांकडे तीन गोष्टी मागा. आठ मुलांना चार घोडे आहेत, तर जोड्या लावा : एक वर, दुसरं खाली मास्तरांचं स्टॉपवॉच घेऊन, अर्ध्या वेळाने अदलाबदल. मोतद्दाराने खोगीर चढवावं, पण खरारा, खूर आणि तंगाची दुसरी तपासणी मुलांनी करावी. आणि गळ्यातला पट्टा आजच बांधा. त्याला खर्चही नाही, रिकिबीचा जुना चामडी पट्टा पुरतो. मानेच्या मधोमध, मुलीचे कोपर किंचित वाकलेले राहतील इतक्या अंतरावर.

उतरायची तालीम पहिल्याच आठवड्यात, उभ्या घोड्यावरून : दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर, पुढे झुकून हात मानेवर, उजवा पाय मागून वर काढून घसरायचं, गुडघे वाकवून पायांवर. एक पाय रिकिबीत ठेवून उतरायची सवय लागली की मोडायला महिने जातात. दोन्ही बाजूंनी करून घ्या, नाहीतर डावीकडे घोडा कठड्याला चिकटलेला असतो आणि मूल वरच अडकून बसतं.

आणि घोडा विकत घ्यायचा विचार कुणी डोक्यात घातला तर दोन वर्षं थांबा. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा, बारगिराला सरकारी मिळायचा. आठव्या वर्षी बारगीरच बरं : दर महिन्याला वेगळा घोडा मिळतो, आणि एकाच घोड्याच्या खोडी म्हणजेच घोडेस्वारी असा समज होत नाही.

शंकासुर
सामाईक हेल्मेटांचं मात्र शाळेला लेखी कळवा. तोंडी सांगितलं तर पुढच्या वर्षीही तीच दोन मापं असतील.